रुमालाखाली घेतलेली गिटार

मला इलेक्ट्रिक गिटार वाजवता येते, हे माझ्या सासरी लग्न ठरल्या दिवसापासून कुणालाच खरं वाटलं नाही. सुरुवात माझ्या वडिलांनी करून दिली. पाहुणे परभणीला आमच्या घरी मला बघायला आले, पोहे झाले आणि मुलीला काय काय येतं, असा नेहमीचा प्रश्न आला. स्वयंपाक, विणकाम, रांगोळी यांतलं काहीतरी सांगून वेळ निभावून न्यायची, तर वडील ताठ बसून म्हणाले, "गणितात कायम पहिली असते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते." पाहुणे राणीसावरगावचे, शेतीवाडीचे. त्यांच्यातल्या एका काकांनी काळजीने विचारलं, "शॉक बसत न्हाई का?" सगळी बैठक हसली. मग कुणीतरी म्हणालं, होऊन जाऊ द्या एक गाणं. तिथे माझी पंचाईत झाली, कारण घरात गिटार नव्हती.

गिटार क्लासची होती. आमच्या गल्लीत बँकेत नोकरी करणारे एक सर संध्याकाळी हवाईयन गिटार शिकवायचे. ही गिटार गळ्यात अडकवून उभ्याने वाजवत नाहीत. मांडी घालून बसायचं, ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला गुळगुळीत पोलादी तुकडा तारांवरून सरकवायचा. म्हणून तिच्या तारा दांड्यापासून चांगल्या उंच उचललेल्या असतात. बोटाने त्या दाबायच्याच नसतात. मुलगी मांडी घालून, खाली मान घालून बसणार म्हटल्यावर गल्लीतल्या कुणाच्याच आईवडिलांची हरकत नव्हती. मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत शिकले. मग सरांची बदली झाली आणि ते सगळ्या गिटारी घेऊन गेले. माझ्या हाताला सवय तेवढी राहिली, आणि ती काही पाहुण्यांना काढून दाखवता येत नव्हती.

लग्न तरीही झालं, पण घराला चेष्टेचा एक कायमचा विषय मिळाला. लाइट गेली की माझ्या थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मास्तरीण, गिटार बंद कर गं, लोड यायलाय." मी गावच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून त्यांच्या तोंडी मी मास्तरीण. कुणी पाहुणेरावळे आले की माझी ओळख तशीच व्हायची, ही आमची धाकटी, गिटारवाली. पाहुणा खरंच उत्सुकतेने काही विचारायला लागला की सगळे तोंडाला पदर लावायचे. शाळेत मी फळ्यावर लिहिलेलं पोरं डोळे झाकून वहीत उतरवून घेतात. घरी मात्र माझ्या एका वाक्याला पुरावा लागत होता. मी हसण्यावारी न्यायचे, पण आतून जळायचे. वडील गेल्यानंतर तर ती चेष्टा मला मुळीच सहन होईना. ते शेवटपर्यंत माझ्या सासरी थापाडे म्हणूनच ओळखले गेले, आणि ते थापाडे नव्हते.

नवी गिटार मागवून का नाही दाखवली, असं कुणीही विचारेल. दुकानांत मी विचारलं होतं. दुकानदार मला गळ्यात अडकवायच्या गिटारी दाखवायचे आणि हवाईयन म्हटलं की हवामानाचं काहीतरी विचारल्यासारखे बघायचे. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. गिटार आली, सगळे गोळा होऊन बसले आणि हातच चालला नाही, तर मग पुढे बोलायला तोंड राहणार नव्हतं.

त्या दिवशी आम्ही सेलूला कापूस घालायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि जाऊबाई. जाऊबाईंची बहीण सेलूला दिली आहे, तिला भेटायला त्या जीपमध्ये बसल्या होत्या. बाजारातलं काम लवकर उरकलं. बहिणीकडे जाताना एका मंगल कार्यालयाच्या दारावर जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाचा आणि विक्रीचा फलक दिसला. जाऊबाईंना तांब्याचं घंगाळ हवं होतं, कितीतरी दिवसांपासून त्या ते हवंय हवंय करत होत्या. म्हणून आम्ही आत शिरलो.

आत नाणी, कुलपं, कंदील, अडकित्ते, रेडिओ असं सगळं मांडून माणसं ओळीने बसली होती. गलका मात्र नव्हता. त्याचं कारण थोड्या वेळाने कळलं. हे संग्राहक बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातले. टेबलं एकमेकांना चिकटलेली, एकाने भाव बोलला की शेजाऱ्याला ऐकू जाणार. तेव्हा त्यांनी बैलबाजाराचीच रीत इथे आणली होती. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. शेकडे की हजार तेवढं आधी तोंडाने बोलून घ्यायचं. सौदा झाला तर झाला, नाही झाला तर कोणी किती मागितले हे तिसऱ्याला कळत नाही. माझा नवरा यात पटाईत आहे. बैल घेऊन आला की जेवताना मला बोटं दाबून दाखवायचा, त्यामुळे मला ती भाषा पाठ होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर तीन इलेक्ट्रिक गिटारी होत्या. मागे मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. तरुणपणी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, त्यातल्या या गिटारी. प्रदर्शनाचा माइकही त्यांचाच होता. एक गिटार लाल, एक काळी, दोन्ही साध्या. तिसरी कॉफीच्या रंगाची, कडेचा रंग उडालेला. मी तिच्याजवळ जाऊन वाकून बघितलं. तिच्या तारा दांड्यापासून उंच उचललेल्या होत्या.

मी ती उचलली. लाकूड वजनदार, कुठे भेग नाही. तारांखालचा आवाज उचलणारा चुंबकाचा भाग गंजलेला, पण जागेवर घट्ट. सगळ्या खुंट्या फिरत होत्या. तारा उचलून धरणारी पितळी पट्टी शाबूत होती, आणि ती पट्टी म्हणजेच सगळं होतं. मला इतका आनंद झाला की मी गिटार खाली ठेवली. आणखी थोडा वेळ धरली असती तर चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं असतं.

तेवढ्यात एक साहेब आले. हायवेवर त्यांचं नवं हॉटेल होत होतं आणि त्यांना जुन्या गिटारी भिंतीला टांगायच्या होत्या. त्यांनी तिन्हींवरून हात फिरवला. कॉफी रंगाच्या गिटारीची तार बोटाने दाबायला गेले, ती दबेना. "हिचा दांडा वाकलाय," ते म्हणाले. "दोन घेतो, ही वरून टाका फुकट." आणि त्यांनी मोठ्याने भाव सांगितला. आजूबाजूच्या चार टेबलांवरच्या माना वळल्या. म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, हितं असं बोलत न्हाईत," ते हळू आवाजात म्हणाले. "हात द्या."

"हा काय बैलबाजार हाय का?" साहेब हसले. त्यांचा फोन वाजला. "आलोच मी, तिन्ही बांधून ठेवा," म्हणत ते बाहेर गेले.

म्हातारे बांधायला उठले नाहीत. माझ्या नवऱ्याने मात्र गिटार उचलली, एक डोळा मिटून दांड्याकडे बघितलं आणि निकाल दिला, "पाय धरलेलं जनावर हाय हे. घेऊ नको."

"घे की मास्तरीण," जाऊबाई म्हणाल्या. "वाकडी तर वाकडी. वाजवायची थोडीच हाय?"

शेजारच्या अडकित्तेवाल्यालाही हसू आलं. माझं उत्तर जिभेवर होतं. ही वाकलेली नाही, ही अशीच असते, आणि भिंतीला टांगायची ती तुमची अक्कल टांगा, असं मला सगळ्या सभागृहाला सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर गिटारीचा भाव तिथल्या तिथे चढला असता आणि बाहेर फोनवर बोलणारे साहेब खिसा उघडून आत आले असते. मी गिळलं. आयुष्यभर मुलांना पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर लिहू नका असं शिकवलं आणि त्या दिवशी एकही पायरी न दाखवता गप्प उभी राहिले. एवढा राग मी त्याआधी कधी गिळला नव्हता.

"मला ही घ्यायची आहे," मी म्हाताऱ्यांना म्हणाले. "हीच एक."

नवऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि खांद्यावरचा रुमाल काढून हात पुढे केला. मी त्याचा हात धरून मागे घेतला. तो लंगडं जनावर समजून सौदा करणार, म्हातारे रागवणार आणि सौदा मोडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "वाजवणार मी," मी म्हणाले, "तर हात पण मीच देणार."

आता म्हातारे अडचणीत आले. त्यांनी आपला हात छातीशी धरला. "बाईमाणसाचा हात कसा धरावा हो? चार लोकांत?"

त्यांच्या मागे खुर्चीवर त्यांची बायको शेंगा सोलत बसली होती. तिने टरफलं पदरातून झटकली. "मग मी हाय की," ती म्हणाली. "गिटारी माझ्याच दिवाणाखाली पडून होत्या. झाडून झाडून माझी कंबर गेली. भाव मीच करणार." आणि नवऱ्याला बाजूला सारून ती टेबलाशी येऊन बसली.

बायकांनी रुमालाखाली हात घातलेला त्या सभागृहात कुणी पाहिला नव्हता. आम्ही दोघींनीही नव्हता. कुलूपवाला उठून आला, नाणीवाला उठून आला. माझ्या नवऱ्याचा रुमाल आमच्या हातांवर पडला. तिचा हात खरखरीत आणि जोरकस होता. हजारात की शेकड्यात, ते तिने तोंडाने सांगितलं आणि लगेच माझी बोटं अशी पकडली की मला घाम फुटला. मी तिची बोटं सोडवून माझा आकडा दाबला. तिने मान हलवली. पुन्हा तिचा, पुन्हा माझा. आणि मग नवरा पुटपुटला, "अगं, बांगड्या बोलायल्यात. सगळ्यांना मोजता येईल."

खरंच, बोट दाबलं की बांगड्या वाजत होत्या आणि बघणारे कान देऊन ऐकत होते. ही अडचण कधी कुठल्या बैलवाल्याला आली नसेल. आम्ही दोघी थांबलो. तेवढ्यात जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी रुमालात हात घालून माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्यांवर आपला हातरुमाल करकचून बांधला, मग त्या बाईंच्याही बांगड्या पदराच्या टोकाने बांधल्या. "हं, आता करा," त्या म्हणाल्या. त्या तोवर हसत होत्या, पण सौदा म्हटल्यावर त्यांना आपलं माणूस हरायला नको होतं.

शेवटी त्या बाईंनी माझी बोटं सोडली नाहीत आणि मीही सोडवली नाहीत. आकडा जमला. हात मोकळा करायच्या आधी त्या मोठ्याने म्हणाल्या, "दांडा वाकलेला हाय. मागून म्हणू नका, सांगितलं न्हाई."

"मला अशीच पाहिजे होती," मी म्हणाले. हे मी शंभर टक्के खरं बोलले.

कितीला घेतली, हे आमच्या गावात आजही लोक विचारतात. नवरा तर अजून आडून आडून विचारतो. रुमालाखालची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

पैसे दिले, गिटार माझी झाली आणि मग मी टेबलाच्या पुढ्यात सतरंजीवर मांडी घालून बसले. गिटार मांडीवर आडवी ठेवली. नवरा म्हणाला, "काय करायलीस?" मी म्हाताऱ्यांना विचारलं की तिला तुमच्या माइकच्या मशिनीला जोडता येईल का. ते वायर शोधायला लागले. पोलादी तुकडा नव्हता. शेजारच्या टेबलावर पितळी खलबत्ता होता, त्यातला बोटाएवढा गुळगुळीत बत्ता मी मागून घेतला. तो हातात बरोबर बसला. आता गिटार होती, माणसं होती आणि मला कारण सांगायला काही उरलं नव्हतं.

वायर लागली आणि कर्ण्यातून गुं असा आवाज निघाला. मी तोंडाने सा धरून तारा लावायला घेतल्या. सगळ्यांत बारीक तार तुटली. राहिलेल्यांवर बत्ता ठेवला आणि छेडलं, तर असा भेसूर आवाज निघाला की जाऊबाई म्हणाल्या, "माय, कुत्रं रडायलंय." सगळे हसले. माझे कान तापले. मी बत्ता उचलला, पुन्हा ठेवला, थोडा हलका, थोडा तिरपा, सर सांगायचे तसा. दुसऱ्यांदा सूर लागला. तिसऱ्यांदा तो दुसऱ्या सुरावर सरकत गेला, मध्ये कुठे तुटला नाही. ही गिटार एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, गळ्यातून आवाज जावा तशी जाते. माझ्या हाताला ते आठवत होतं. मला नव्हतं आठवत, पण हाताला आठवत होतं.

काय वाजवायचं हे मी ठरवलं नव्हतं. आमच्या घरात कुणाचंही लग्न असलं की हळद दळताना जाऊबाई एक गाणं म्हणतात, त्यांच्या माहेरचं. ते मी इतकी वर्षं ऐकत आले होते, तेच हातातून निघालं. पहिल्या ओळीला कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या ओळीला जाऊबाई सतरंजीवर माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या गायल्या नाहीत, त्यांचे ओठ फक्त हलत होते. बाहेर कर्णा लावलेला होता, त्यामुळे रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. माझा नवरा हातातला रुमाल घडी घालायचा विसरून तसाच उभा होता. मी ते गाणं संपवलं आणि परत पहिल्यापासून वाजवलं, कारण मला सोडवत नव्हतं. मी खोटी नव्हते, माझे वडीलही नव्हते, आणि हे सेलूच्या बाजारात कर्ण्यावरून जाहीर झालं होतं. एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

हॉटेलवाले साहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी आधी गिटारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, ही मला द्या. बोला किती?" त्यांनी परत मोठ्याने आकडा सांगितला. आकडा वजनदार होता, मी कबूल करते. म्हाताऱ्यांची बायको माझ्याआधी बोलली. "विकली ती," त्या म्हणाल्या. "आन् ती वाकडी न्हाई. आमालाच सरळ बघता आलं न्हाई." त्यांनी मला उरलेल्या शेंगा बांधून दिल्या. बत्ताही मी विकत घेतला. त्याचा भाव रुमालाशिवाय झाला, कारण खलबत्तेवाल्याने नुसती मान डोलावली आणि तो माझ्या हातात ठेवला, वर खल पण दिला.

परतताना जाऊबाई माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसल्या. गिटार आम्हा दोघींच्या मांड्यांवर. घंगाळ राहून गेलं, बहिणीकडेही आम्ही उभ्याउभ्याच जाऊन आलो. जीप परभणीच्या पुढे येईपर्यंत त्यांनी फोन करून निम्म्या भावकीला सांगितलं होतं. "व्हय, लय भारी वाजवती. म्या तर पहिल्यापासूनच म्हणत होते." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी जराही न लाजता पुढचा नंबर लावला. मला हसू आवरेना, आणि त्या दिवशी त्यांना माफ करायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल आला. जाऊबाईंचं माहेर इथलं, नदीकाठचं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि काचेतून खाली बघायला लागल्या. पाणी चांगलं भरलेलं होतं, उन्हात चमकत होतं.

"मी हिच्यातून पोहून पलीकडं जायचे," त्या म्हणाल्या.

माझा नवरा पुढे खो खो हसला. "वैनी, तुमी? तुमी तर मळ्यातल्या हौदात पाय घालत न्हाई."

"न्हाई घालत," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी पोह म्हणलं न्हाई. घाटावरून पोरांच्या आधी पोहोचायचे पलीकडं. लग्नात कुणी सांगितलंच न्हाई ते. माझ्या बापाला लाज वाटली."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. माहेरची वाट दाखवावी तशा काचेवर बोट ठेवून बोलल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली भाकरी केल्या, त्यांची बाळंतपणं पाहिली, आणि मला हे माहीत नव्हतं.

"कुठल्या घाटावरून?" मी विचारलं.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतेय का ते त्या शोधत होत्या. मग त्यांनी काच खाली केली. "त्यो, मंदिराच्या बाजूचा. तिथून उडी मारायची आन् तिरकं जायचं. सरळ गेलं की धार ओढती."

"अहो, गाडी थांबवा," मी नवऱ्याला म्हणाले.

पूल संपल्यावर त्याने जीप कडेला घेतली. तो अजून हसत होता. आम्ही दोघी उतरलो आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. जाऊबाईंनी मला सगळं दाखवलं, उडी कुठून, वळण कुठे, खडक कुठे, पलीकडे कुठे निघायचं. बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात हवेत पाणी कापायला लागले होते.

"आता कुठं जमतंय," त्या मध्येच थांबून म्हणाल्या.

"ऐतवारी बघू," मी म्हणाले. "मी काठावर थांबते."

मागून नवऱ्याने हॉर्न वाजवला आणि काहीतरी विनोद केला. मी जीपपाशी गेले आणि त्याला सांगितलं, आधी हसायचं बंद करा. त्याचं हसणं थांबल्यावरच आम्ही दोघी गाडीत बसलो.